दस्तीची जागा

फेब्रुवारी सरत आला की जळकोटच्या रस्त्यावर कडब्याचे ट्रॅक्टर सुरू होतात. रस्त्याकडेच्या बाभळींना पेंढ्यांची पानं अडकून राहतात आणि मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्यांच्या डोक्यावर भुसा उडत राहतो. त्या कडब्याच्या वासानं मी अंगणात उगीचच सरळ उभी राहते, खांद्यावरची बॅग सावरल्यासारखा हात करते. बॅग नसते, हे मागाहून लक्षात येतं. बावीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. खाकी साडी कपाटात गेली, हाताची खोड मात्र अजून ड्यूटीवर आहे.

उदगीर-नांदेड ही माझी नेहमीची फेरी. सुगीत त्या गाडीत माणसांपेक्षा पिशव्याच जास्त असायच्या. कुणाच्या मांडीवर हरभऱ्याचे ढाळे, कुणाच्या पायाशी नव्या ज्वारीचं गाठोडं, लेकीकडं निघालेल्या एखादीच्या पिशवीत करडईच्या तेलाची बाटली, आणि तिचं बूच हमखास सैल. कंधार येईपर्यंत सगळी गाडी ओल्या हरभऱ्याच्या सोलाण्यांचा वास मारत असायची. तिकीट फाडता फाडता माझ्याही तोंडात कुणी ना कुणी हिरवे हरभरे कोंबायचं. मी रागावल्यासारखं करायचे आणि खायचे.

गाडी स्टँडवर लागली रे लागली की खिडक्यांतून दस्त्या आत पडायच्या. आमच्याकडं हातरुमालाला दस्ती म्हणतात. बाहेरून दस्ती सीटवर टाकायची, की जागा धरली. मग मालक आरामात पान खाऊन, लघवी करून, पेपर घेऊन चढणार. तोवर लेकरू कडेवर घेतलेली बाई दांड्याला लोंबकळणार. माझं डोकं इथं फिरायचं. मी दस्त्या उचलायचे, खिडकीतून हात बाहेर काढून ज्याच्या त्याला परत करायचे आणि उभ्या बाईला बसवायचे. एकदा एक धोतरवाले पाटील भांडायलाच उठले, आमची दस्ती आधी आली म्हणून. मी तिकिटाचं मशीन पुढं करून विचारलं, "दस्तीचं तिकीट काढू का मंग?" सगळी गाडी हसली. पाटीलही हसले, उतरताना मला ढाळे देऊन गेले. रिकामी जागा आणि उभं माणूस हे दोन्ही एकाच गाडीत मला कधी बघवलं नाही. हा माझा गुण, असं मी समजत आले होते.

तीन वर्षांपूर्वी नोव्हेंबर सरताना मी रिटायर झाले. पहिले आठ दिवस बरे गेले, मग घर खायला उठलं. आमचे मालक शिलाईकाम करतात. मुळातच कमी बोलणारा माणूस, त्यात तोंडात टाचण्या. मी दिवसभर बोलायचे आणि ते मान हलवायचे. पंधरा दिवसांनी त्यांनी टाचण्या काढून ठेवल्या आणि म्हणाले, चर्चमध्ये काहीतरी काम घे. हे माझ्या भल्यासाठी होतं की त्यांच्या, ते मी विचारलं नाही.

आमचं चर्च लहान. पत्र्याचं छप्पर, खाली सतरंज्या, डावीकडं पुरुष, उजवीकडं बायका, मधून जायला वाट. बावीस वर्षांत मी तिथं नाताळला, लग्नांना आणि मयतींना गेले असेन. रविवार हा एसटीत गर्दीचा वार, सुट्टी मागायची सोय नव्हती. त्यामुळं मंडळीतली माणसं मला ओळखीची होती, पण त्यांच्या सवयी ओळखीच्या नव्हत्या. हा फरक तेव्हा मला कळत नव्हता.

नवे पाळकसाहेब वयानं तरुण, कुठल्याशा शिबिरातून ताजे आलेले. येताना एक छापील कागद घेऊन आले होते. आपला स्वभाव ओळखा आणि त्याला शोभेल ती सेवा निवडा, असा त्याचा मतलब. उपासनेनंतर सगळ्यांना सतरंजीवरच बसवलं आणि एकेक कागद वाटला. चारचौघांत बोलायला आवडतं का? गर्दी दिसली की पुढं होता की मागं सरता? काम अडलं तर वाट बघता की स्वतः हात घालता? असे वीसेक प्रश्न. माणसं परीक्षेला बसल्यासारखी घामाघूम झाली. एक म्हातारी शेजारणीला विचारत होती, मी रागीट हाय का गं? शेजारीण बिचारी काय सांगणार, तिला रोज म्हातारीच्याच हापशावरून पाणी न्यायचं होतं. मी मात्र पाच मिनिटांत मोकळी झाले. गर्दी? आवडते. पुढं होता? होते. वाट बघता? वाट बघणं माझ्या नोकरीतच नव्हतं.

पुढच्या रविवारी निकाल लागला. माझ्या नावापुढं 'पुढाकार घेणारा स्वभाव' आणि सेवा 'स्वागत व आसनव्यवस्था'. म्हणजे दारात उभं राहायचं, आलेल्यांना सलाम करायचा आणि जागेवर बसवायचं. आमच्या मालकांच्या नावापुढं 'शांत स्वभाव' आणि सेवा 'आजाऱ्यांच्या भेटी'. मला हसूच आलं. हा माणूस आजाऱ्याजवळ बसून करणार काय? तर ते जायचे, खाटेशेजारी बसायचे, काही बोलायचे नाहीत, एखादं सुटलेलं बटण दिसलं तर लावून द्यायचे आणि उठून यायचे. लोक म्हणायचे, लई बरं वाटलं. मला अजूनही त्याचं कोडं आहे.

माझी सेवा जोरात सुरू झाली. आमच्या मंडळीला मागं बसायची खोड. भिंतीला पाठ टेकावी म्हणून सगळे मागच्या दोन सतरंज्यांवर दाटीवाटीनं, आणि पुढं पाळकसाहेबांसमोर मोकळं मैदान. पहिल्याच रविवारी मी कामाला लागले. चला, पुढं सरका, पुढं जागा खाली हाय, दारात थांबू नका. मला स्वतःला त्यात काही वेगळं वाटलं नाही. लोक मात्र हसू दाबत सरकायला लागले. मंडळीतल्या एका भावानं विचारलं, बाई, सुट्टे पैसे तयार ठेवू का? मी त्यालाही पहिल्या ओळीत बसवलं. तीन रविवारांत पुढच्या सतरंज्या भरल्या. पाळकसाहेबांनी वेदीवरून माझं नाव घेतलं. घरी येताना मी रस्ताभर बोलत होते आणि मालक मान हलवत होते. आपल्याला आपली जागा सापडली, असं मला मनापासून वाटलं. रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा मला रात्री नीट झोप लागली होती, ती त्याच आठवड्यात.

चौथ्या रविवारी गर्दी जास्त होती. नर्सिंगच्या दोन मुली नव्यानं आल्या होत्या, आणि बायकांच्या बाजूला बसायला तसूभर जागा नव्हती. फक्त मधल्या वाटेच्या कडेला, तिसऱ्या ओळीत, एका माणसाची जागा मोकळी दिसली. तिथं गाण्यांचं एक जुनं पुस्तक ठेवलेलं होतं, कापडात बांधलेलं. वाटेच्या अलीकडं, पुरुषांच्या बाजूला, बरोबर समोर याकोबमामा बसले होते. चिंचोलीच्या फाट्याच्या आत त्यांची दोन एकर जमीन. वय सत्तरच्या पुढं. त्यांची बायको सोनामामी वर्षभरापूर्वी वारली, तेव्हा मी ड्यूटीवरूनच मयतीला जाऊन आले होते.

मी विचारलं, हे पुस्तक कुणाचं? याकोबमामांनी हात थोडा वर केला. मी ते उचललं, त्यांच्या हातात दिलं आणि माझ्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "मामा, वस्तू ठेवून जागा धरता येत न्हाई. माणूस आलं की बसतंय."

मामांनी माझ्याकडं बघितलं. "बराबर हाय," एवढंच म्हणाले.

मी नर्सिंगच्या त्या दोघींतल्या एकीला तिथं बसवलं. माझ्या मागं सगळं चर्च एकदम गप्प झालं होतं, हे मला आत्ता लिहिताना आठवतं. त्या वेळी मला वाटलं, उपासना सुरू होतेय म्हणून गप्प झालं असेल.

पुढच्या रविवारी याकोबमामा आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मला वाटलं सुगी आहे, ज्वारी काढायची असेल. गावाकडची माणसं या दिवसांत गळतातच. ज्वारी उपटायला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर त्यांच्या वेळेनं चालावं लागतं. सुगीच्या सणाला येतील की, मी म्हणाले. आमच्या चर्चमध्ये मार्चच्या सुरुवातीला हा सण असतो. शेतातलं पहिलं जे काही हाती येईल ते वेदीपुढं आणून ठेवायचं. ज्वारीची कणसं, हरभरा, करडई, भोपळे, गुळाची ढेप, एखादी पाय बांधलेली कोंबडी, जी हमखास प्रार्थनेच्या मध्येच ओरडते. पहिली पेंढी वेदीच्या डाव्या खांबाला बांधायची, ती याकोबमामांच्या शेतातली. मंडळीत बाकी कुणाची हिंमत नव्हती तिथं आपली पेंढी बांधायची.

सणाला दहा दिवस राहिले तेव्हा आमचे मालक भेटीवरून आले आणि मशीनवर न बसता माझ्यासमोर बसले. एवढ्यावरूनच मी समजायला हवं होतं.

"याकोबमामा सणाला येणार न्हाईत," ते म्हणाले. "पेंढी कुणाच्या हाती धाडायची इचारत व्हते."

मी विचारलं, आजारी आहेत का? तर नाही. चालवत नाही म्हणाले. मी म्हटलं, महिन्यापूर्वी तर चांगले चालत आले होते.

मालक बोटातलं अंगुस्तान फिरवत म्हणाले, "ते पुस्तक सोनामामीचं व्हतं. ती गेल्यापासून दर रविवारी तिच्या जागेवर ठिवायचे."

"तुमाला म्हाईत व्हतं?"

"सगळ्यालाच म्हाईत व्हतं."

"मंग त्या दिवशी कुणी बोललं का न्हाई?"

"तुला कोण बोलंल, सरोज?"

ते रागानं म्हणाले नाहीत. राग असता तर मी भांडले असते. ते उठले, मशीनवर जाऊन बसले आणि कुणाचातरी परकर शिवायला लागले. मी चुलीपुढं बसून राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या आवाजाची लाज वाटली. एका म्हाताऱ्या माणसाचं सगळ्यात जपलेलं मी सगळ्यांसमोर उचललं होतं, आणि भरलेल्या चर्चमधल्या एकाही माणसाला मला थांबवायचा धीर झाला नव्हता. पुढच्या सतरंज्या भरल्या म्हणून मी मिरवत होते. त्या माझ्या धाकानंही भरल्या असतील, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पाळकसाहेबांकडं गेले. म्हटलं, तुमचा कागद चुकला. मला दारातून काढा. मला माणसांत काम द्यायलाच नको होतं, झाडू द्या, भांडी द्या, काहीही द्या जिथं बोलायचं काम नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग टेबलाच्या खणातून तसाच एक कागद काढून माझ्यापुढं ठेवला. त्यांचा स्वतःचा होता. स्वभाव 'बारकाव्याचा', सेवा 'कागदपत्रं व दप्तर'. उपदेश करणं यादीत शेवटून दुसरं होतं. ते हसायला लागले, मला मात्र हसू येईना.

"कागद फक्त एवढं विचारतो की तुम्ही काय करता," ते म्हणाले. "कुणासाठी करता, हे तुम्हाला ठरवायचंय. आधी मामांकडं जाऊन या. मग झाडूचं बघू."

मला वाटलं होतं ते समजूत घालतील. त्यांनी सरळ कामाला लावलं. तो माणूस दप्तरापेक्षा बरंच काही करू शकतो, असं मला त्या दिवसापासून वाटतं.

चिंचोलीच्या फाट्यावर जीपनं सोडलं आणि मी आत चालत निघाले. सकाळचे दहा वाजले असतील. तीन किलोमीटरची वाट, दोन्ही बाजूंना काढणी चाललेली. कुठं ज्वारी आडवी पडलेली, कुठं अजून उभी, कणसं वाऱ्यानं एकमेकांवर घासत होती. मी बावीस वर्षं या फाट्यावर गाडी थांबवली, एक बेल, दोन बेल, पण आतला रस्ता कधी पाहिला नव्हता. माणसं इथं उतरायची आणि माझ्यापुरती संपायची. ती पुढं एवढं चालतात, डोक्यावर ओझं घेऊन, हे मला पायांनी पहिल्यांदा कळलं.

मामा शेतातच होते. कडब्याच्या सावलीला बसून कणसं मोडत होते. मला बघून उठायला लागले, मी म्हटलं बसा, आणि स्वतःच खाली बसले. काय बोलायचं ते वाटेत तीनदा पाठ केलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना. शेवटी जे होतं ते बोलले.

"मामा, मी चुकले. मला म्हाईत न्हवतं, पण इचारायला पायजे व्हतं. माफ करा."

"तुझं काय चुकलं, माय," ते म्हणाले. "तू कायदा सांगितला. खाली जागेला कुटवर राखायचं?"

पण हे म्हणताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मीही एक कणीस घेतलं आणि मोडायला लागले. कणसं मोडता मोडता मामाच हळूहळू बोलायला लागले. सोनामामीला अक्षरओळख नव्हती. पण पुस्तक हातात हवं. गाण्याचा नंबर सांगितला की ती याकोबमामांकडं बघायची, आणि मामा वाटेच्या या बाजूनं बोटं दाखवायचे. आधी एक बोट, मग सात. म्हणजे सतरा. आकडे तेवढे त्यांनीच तिला शिकवले होते, बोटांवर, खळ्यात बसून. अक्षरं राहून गेली. पण पान ती त्यांच्याआधी काढायची. काढून झालं की मान हलवायची, मग गायला लागायची.

"बोटं अजून उचलत्यात," मामा म्हणाले. "समोर पुस्तक असलं की बरं वाटतंय. दुसरं काय न्हाई."

मला रडू आलं आणि मी ते पदराला पुसलं. मामांनी ढाळ्याची जुडी माझ्यापुढं सरकवली. खा म्हणाले. सणाला येता का, विचारलं, तर बघू म्हणाले. फाट्यापर्यंतच चालवत नाही माय, ते म्हणाले, आणि या वेळी ते खरंही असावं. गुडघ्यावर दोन्ही हात ठेवल्याशिवाय ते उठत नव्हते.

फाट्याकडं परत येताना माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं, तेच जुनं, ड्यूटीवरचं. या फाट्याच्या पुढं कोण कोण उतरायचं? शेवंताबाई, पाय सुजलेली, आता येत नाही. पुढच्या थांब्यावर शाळेमागं राहणारे दोघं नवरा-बायको, त्याला दिसत नाही. त्याच्या पुढं पिठाच्या गिरणीशेजारची रूथ. आमच्याच मंडळीतली माणसं, सगळी एकेकाळी माझ्या गाडीतून चर्चला आलेली, आणि एकेक करून बंद झालेली. मी नावं विसरेन, थांबे विसरत नाही. जळकोटला पोचेपर्यंत माझ्या मनात पूर्ण फेरी तयार होती, थांब्यांसकट आणि वेळेसकट.

मंडळीतल्या एका भावाची काळी-पिवळी जीप आहे. मी त्याच्याकडं गेले तेव्हा तो आधी घाबरलाच, मी काही नियम सांगायला आले म्हणून. मग ऐकलं आणि हो म्हणाला. आत शेतापर्यंत जीप जात नाही, म्हणून सणाला सकाळी फाट्यावर थांबू, असा निरोप मी मालकांच्या हाती मामांना धाडला.

सणाच्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी चर्चमध्ये गेले. तिसऱ्या ओळीत, वाटेच्या कडेला, सतरंजीवर माझी दस्ती पसरली. पांढरी, निळ्या काठाची, मालकांनी उरलेल्या कापडातून शिवलेली, नोकरीत बावीस वर्षं अशाच दस्तीनं घाम पुसला. खिडकीतून किती जणांना त्यांच्या दस्त्या परत केल्या असतील, आणि आज मी हे करत होते. दारात नवीन कुणी उभं राहणार होतं, त्यांना सांगायचं मुद्दामच टाळलं. सांगितलं असतं तर माझ्या आवाजानं जागा राहिली असती. मग जीपमध्ये बसले.

शेवंताबाईला दोघांनी धरून चढवलं. दृष्टी गेलेल्या बाबांनी माझा आवाज ओळखला आणि विचारलं, नांदेडची गाडी का ही? रूथनं ज्वारीचं गाठोडं आणलं होतं आणि ते मांडीवरून खाली ठेवायला तयार नव्हती. उलटं फिरून शेवटी चिंचोलीच्या फाट्यावर आलो. तिथं कुणी नव्हतं.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. आत माणसं चुळबुळायला लागली, उपासना सुरू होईल म्हणून. एसटीत असते तर मी कधीच डबल बेल दिली असती. एका माणसासाठी चाळीस माणसं थांबवायची नाहीत, हा नियम मीच किती जणांना ऐकवला होता. या वेळी मी खाली उतरले आणि जीपसमोर उभी राहिले, म्हणजे ड्रायव्हरला पुढं जाताच येणार नाही. ड्रायव्हर कपाळाला हात लावून बसला. माणूस येईल याची काही खात्री नव्हती, आणि तरी थांबायचं होतं. हे काम मला कुणी शिकवलं नव्हतं.

मग शेताच्या धुऱ्यावरून पेंढी येताना दिसली. आधी पेंढीच दिसली, तिच्याखाली मामा. मी पळत गेले नाही. जीपमध्ये डोकं घालून एवढंच म्हणाले, "आत सरका, अजून एकजण येतंय."

चर्चला पोचलो तेव्हा पहिली प्रार्थना चालू होती. आत माणूस माणसाला चिकटून बसलेलं. बायका भिंतीपर्यंत, लेकरं मांड्यांवर, काही जणी दारात चपलांशेजारी. आणि तिसऱ्या ओळीत वाटेच्या कडेला एका माणसाची जागा, तिच्यावर माझी दस्ती, सकाळी पसरली होती तशी. कुणी हलवली नव्हती. मी कुणालाच काही सांगितलं नव्हतं. त्यांनी माझी दस्ती ओळखली असेल, किंवा जागा ओळखली असेल, किंवा दोन्ही.

याकोबमामांनी पेंढी डाव्या खांबाला बांधली, गुडघ्यावर हात ठेवत आपल्या जागी बसले. मग सदऱ्याच्या आतून कापडात बांधलेलं पुस्तक काढलं आणि हात लांबवून दस्तीवर ठेवलं. गाण्याचा नंबर पुकारला तशी त्यांची बोटं उठली. मी दारात उभी होते, मला पुढचं काही दिसेनासं झालं.

तेव्हापासून दारात मी नसते. माझी सेवा जीपवरची. पाळकसाहेबांनी कागदावर माझ्या नावापुढचं खोडलं नाही, पुढाकार घेणारा स्वभाव तसाच आहे, शेजारी नुसतं 'आणायची सेवा' असं हातानं लिहिलं. त्यांच्या छापील यादीत ती नव्हती. आवाज माझा तोच आहे आणि सरका सरका तेच आहे. थांबायचं तेवढं नवीन शिकले, तेही कधीकधी विसरते आणि ड्रायव्हर आठवण करून देतो. दस्ती मी दर शनिवारी धुते आणि रविवारी पसरते. नव्या माणसानं चुकून तिथं बसू नये म्हणून जवळ घुटमळत राहते. रिकामी जागा न बघवणारी बाई रिकाम्या जागेची राखण करते म्हणून आमचे मालक टाचण्यांआडून हसतात.

परवाच्या रविवारी या वर्षीचा सुगीचा सण झाला. मामांचे गुडघे आणखी वाकले आहेत, पेंढी मी खांद्यावर घेतली, पण खांबाला बांधली त्यांनीच. उपासना सुरू झाल्यावर दारात एक बाई आली. ओळखीची नव्हती. साखर कारखान्याकडून आलेली असावी, पायाला धूळ, कडेवर तान्हं. बसायला कुठंच जागा नव्हती. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, लेकरू या कडेवरून त्या कडेवर घेत.

मला ते दिसलं. याकोबमामांनाही दिसलं. त्यांनी हात लांबवून पुस्तक उचललं, मग दस्ती उचलली, तिची नीट घडी घातली आणि त्या बाईला खूण केली. मी दोन पावलं पुढं झाले. मामा, तिथं नको, मी तिला दुसरीकडं बघते, असं काहीतरी पुटपुटले. त्यांनी घडी केलेली दस्ती माझ्या हातात दिली.

"माणूस आलं की बसतंय, माय," ते हळू म्हणाले. "तुझाच कायदा हाय."

ती बाई अवघडून बसली, लेकरू मांडीवर घेतलं. तिच्याकडं पुस्तक नव्हतं. मामांनी कापड सोडून सोनामामीचं पुस्तक तिच्या हातात दिलं. नंबर पुकारला तो तिला ऐकू गेला नसावा, ती पानं उलटत नुसती इकडं तिकडं बघत होती. मग तिची नजर वाटेच्या पलीकडं गेली. मामांनी आधी एक बोट वर केलं, मग सात.

तिनं पान काढलं आणि मान हलवली.